कात्रीकाकांचं मशीन

कात्रीकाकांनी वहीतलं पान अलगद फाडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"यात काय चुकलंय ते सांग," ते म्हणाले. "दुकानदार बोलेल त्याला मान डोलवत उभं राहायचं नाहीये मला."

पानावर त्यांच्या गोल, सुट्या अक्षरात नव्या मशीनची यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, दोन वेगवान डिस्क, पंखा, कॅबिनेट. प्रत्येक नावापुढे ते का हवं याचं कारण. रॅमपुढे लिहिलं होतं, 'कमी पडली की रडारड'. पंख्यापुढे, 'आवाज नको, दुपारी ही झोपते'. महिनाभर ते यासाठी वाचत होते, समजलं नाही ते लिहून ठेवत होते, दोन दुकानांत जाऊन उलटसुलट प्रश्न विचारून आले होते. यादी चोख होती. चूक एकच होती, आणि ती यादीत नव्हती. काकांना नवं मशीन लागतच नव्हतं.

जुनं मशीन त्याच खोलीत खिडकीखाली होतं, उशीच्या अभ्र्याने झाकलेलं. स्टुडिओने ते भंगारात काढलं तेव्हा काकांनी मागून घेतलं होतं. छत्तीस वर्षं माणूस एका धंद्यात राहिला की हात रिकामे घेऊन घरी येववत नाही, एवढंच कारण असावं. ते मशीन नवीन सॉफ्टवेअर चालवू शकत नाही असं स्टुडिओला लेखी दिलं होतं, आणि ते देणारी मी होते.

काकू स्वयंपाकघरातून विचारत होत्या की चहात साखर अजून तेवढीच घेतेस ना. मी हो म्हणाले आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

आमचा स्टुडिओ तसा लहान. कारखान्यांचे सुरक्षेचे माहितीपट, शाळांचे पाठ, रुग्णालयात भिंतीवरच्या पडद्यावर दिवसभर फिरत राहणाऱ्या सूचना, असली कामं. नाव कुणाला माहीत नाही, पण बघितलेलं सगळ्यांनी असतं. व्हरांड्याच्या दोन बाजूंना संकलनाच्या दोन खोल्या. डावी काकांची, उजवी माझी. काका या कामात आले तेव्हा फिल्मची पट्टी खरोखरच कापून चिकटवायचे, म्हणून त्यांचं नाव कात्रीकाका पडलं. मी बावीस वर्षांची असताना तिथे लागले. पहिली दोन वर्षं माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटून होती. मला जे काही येतं, ते त्या दोन वर्षांत आलं. ते कधी ओरडले नाहीत. चुकीच्या जागी कापलं की नुसते म्हणायचे, "बघ हं पुन्हा." आणि ती जागा मला दिसेपर्यंत, पाच वेळा लागल्या तर पाच वेळा, शेजारी बसून बघायचे. मशीन अडून बसलं की म्हणायचे, "विचार करतंय ते. करू दे. आपल्यात कुणीतरी करायला हवाच."

गेल्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. अशा आवृत्त्या येतच असतात. आम्ही एखादी सोडून एखादी घ्यायचो. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. नव्या कॅमेऱ्यांचं चित्रण जुन्या आवृत्तीत उघडेना. शिवाय नव्यात एकदा उघडलेलं काम जुन्यात परत नेता येत नव्हतं. म्हणजे एका खोलीत नवं आणि दुसऱ्या खोलीत जुनं, असं चालणार नव्हतं. दोन्ही मशीनं एकाच आठवड्यात घेतलेली, जुळ्या बहिणींसारखी. दोन्ही धापा टाकत होती.

या विषयातलं वाचणारी मीच, म्हणून मालकांनी मला बोलावलं. त्यांनी दोन रस्ते सांगितले. ही मशीनं तग धरणार असतील तर दोन्हींत नवी ग्राफिक्स कार्डं टाकू, रॅम वाढवू आणि आणखी तीन-चार वर्षं काढू. धरणार नसतील तर दोन्ही काढून टाकू आणि एकच मोठं, दणदणीत मशीन घेऊ. तीन दिवस घे, नीट तपास आणि लिहून दे, असं ते म्हणाले. एक मशीन म्हणजे एक खोली, आणि एक खोली म्हणजे एक माणूस, हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पाळणाघर सहाला बंद व्हायचं. माझ्या मशीनवर एखादा माहितीपट शेवटी तयार होऊन बाहेर पडायला दोन-दोन तास लागायचे, आणि तो नेमका साडेचारला तयार व्हायला बसायचा. मी पोचायचे तेव्हा माझी मुलगी पायऱ्यांवर दप्तर मांडीवर घेऊन एकटीच बसलेली असायची, शेजारी पर्स खांद्याला लावून तयार उभ्या असलेल्या ताई. ती मला काही म्हणायची नाही. "आज पण मीच शेवटची," एवढं सांगायची, कुणाची तक्रार न करता. दणदणीत मशीन मिळालं तर हे संपणार होतं. हे कारण खरं आहे. ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते गुळगुळीत झालंय.

त्या आठवड्यात काकूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती, म्हणून काका रजेवर होते. मी त्यांच्या खोलीत बसून तपासणी केली. पहिल्या दिवशी एका ओळखीच्या दुकानातून चांगलं कार्ड दोन दिवसांसाठी आणलं आणि त्यांच्या मशीनमध्ये बसवलं. नव्या कॅमेऱ्याच्या जड चित्रणाच्या हलक्या प्रती बनवल्या, कारण काम करताना सगळे त्याच वापरतात. मूळ चित्रण शेवटी जोडायचं असतं. आणि ते मशीन चाललं. चाललं म्हणजे लोण्यासारखं चाललं. मी टाइमलाइन, म्हणजे पडद्यावरची तुकड्यांची रांग, पुढे-मागे सरकवत होते आणि चित्र कुठे अडत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड काढून जुनं परत लावलं. हलक्या प्रती पुसल्या. मूळ जड चित्रण सरळ घेतलं, त्याचे आठ थर एकावर एक रचले आणि वर चित्रातला रवाळपणा साफ करणारा इफेक्ट लावला. तो भल्याभल्या मशीनांच्या तोंडाला फेस आणतो, आणि आमच्याकडे तो कधीच कुणी वापरला नव्हता. मशीन थांबलं, पुन्हा थांबलं, पडदा करडा झाला आणि सॉफ्टवेअर बंद पडलं. त्या करड्या पडद्याचा मी फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. दीड पान. नव्या कॅमेऱ्याच्या चित्रणाला सध्याची मशीनं अपुरी, काम करताना बंद पडतात, फोटो सोबत जोडला आहे. त्यात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पहिल्या दिवसाबद्दल मात्र मी काहीच लिहिलं नाही.

दीड महिन्यात सगळं उरकलं. मालकांनी काकांना एका दुपारी बोलावलं. नाहीतरी दोन वर्षांनी थांबायचंच होतं, तर आता सन्मानाने थांबा, अशा शब्दांत सांगितलं असं नंतर कळलं. त्यांच्याकडून काका सरळ माझ्या खोलीत आले, दाराला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन थकलं बघ माझं." मी म्हणाले, "हो काका." ते आपला कप विसळायला गेले.

नवं मशीन आलं. मी साडेपाचला निघायला लागले. मुलगी पायऱ्यांवर दिसायची बंद झाली. आत इतर मुलांच्या घोळक्यात असायची, मला तिला हाका मारून बाहेर काढावं लागायचं. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण व्हरांड्यातून जाताना डावीकडे बघायचं मी टाळायचे. त्या खोलीत आता कागदांची खोकी ठेवली होती.

अशात सहा महिन्यांनी काकांचा फोन आला. आवाज एकदम पूर्वीसारखा, टवटवीत. परिचारिकांच्या प्रशिक्षण संस्थेने त्यांना एक काम दिलं होतं. संस्थेच्या पहिल्या मेट्रनबाई आता नव्वदीच्या झाल्या होत्या. त्यांच्या मुलाखतीचं बावीस तासांचं चित्रण झालं होतं, त्यातून चाळीस मिनिटांचा माहितीपट काढायचा होता. चित्रण नव्या कॅमेऱ्यावरचं. म्हणजे नवं सॉफ्टवेअर, म्हणजे नवं मशीन. यादी करून ठेवलीय, रविवारी सकाळी येऊन एकदा नजर टाक, असं त्यांनी सांगितलं.

तर मी ती नजर टाकत बसले होते. काकू चहा ठेवून गेल्या. त्यांचा डोळा छान बरा झाला होता, आता सुईत दोरा ओवता येतो हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं. काका समोर पेन उघडून बसलेले, मी काय काय खोडते ते बघायला. कामावरून थांबताना हाती आलेले बहुतेक सगळे पैसे या एका पानावर जाणार होते. ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण यादी मला वाचता येत होती.

मी कप उचलला, परत ठेवला.

"काका, हे नका घेऊ," मी म्हणाले. "तुमचंच मशीन चालेल. फक्त कार्ड बदलावं लागेल आणि रॅम वाढवावी लागेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीखालच्या अभ्र्याकडे. "पण त्यावर तर चालत नव्हतं ना?"

आणि मी दुसरं खोटं बोलले. येतानाच रस्त्यात तयार करून ठेवलं होतं. मधल्या काळात सॉफ्टवेअरला दोन सुधारणा आल्यात, आता ते जुन्या मशीनांवरही हलकं चालतं, तेव्हा नव्हतं चालत, असं मी सांगितलं. सहज पटण्यासारखं होतं. असं घडतही असतं.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं. "ऐकलंस का, आपलंच मशीन चालणार आहे. मी तुला म्हणत होतो ना, त्या वेळी नाइलाज होता. हिने तीन दिवस बसून तपासलं होतं. दुसऱ्या कुणी तपासलं असतं तर मलाच शंका राहिली असती की माझं वय बघून काढलं. पण हिने बघितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात ओला होता, ब्लाउजला त्याचा गारवा लागला. "रोज तुझं नाव निघतं बघ," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तिथे गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. कार्ड आलं असतं, मशीन चाललं असतं, त्यांचे पैसे वाचले असते आणि माझं नाव त्या घरात रोज निघत राहिलं असतं. बहुधा त्यामुळेच मला गप्प बसवेना.

"सुधारणा वगैरे काही नाही आली, काका," मी म्हणाले. "ते तेव्हाही चालत होतं."

मग मी सगळं सांगितलं. पहिला दिवस, दुकानातून आणलेलं कार्ड, लोण्यासारखी टाइमलाइन. दुसरा दिवस. करडा पडदा. मुलीचंही सांगणार होते, पण त्या खोलीत ते कारण तोंडातून निघेना. काकांनीच मला शिकवलं होतं की माणूस बोलायचा थांबला म्हणून लगेच कापायचं नाही, बोलून झाल्यावर चेहरा जे करतो ते बघायचं. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायचं धाडस मला झालं नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांनी एका पायाची चप्पल काढली, परत घातली.

त्यांनी विचारलं, "आठ थर?"

"हो."

"आणि वर रवाळपणा काढायचा इफेक्ट?"

"हो."

"आपल्याकडे तो कधी कुणी वापरला?"

"नाही काका. कधीच नाही."

ते उठले, खिडकीशी गेले आणि अभ्र्याची घडी सारखी केली. ती सारखीच होती. "मालकांना माहीत होतं हे?"

मी नाही म्हणाले.

"मी सहा महिने सगळ्यांना सांगतोय की मशीन थकलं," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखे. मग वळले. "हिला काही सांगू नका. हिचा तुमच्यावर फार जीव आहे."

चौदा वर्षांत त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, चुकून आलं असेल. पण त्यांनी टेबलावरचं पान उलटं केलं, पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "कार्ड कुठलं लागेल ते लिहून द्या."

मी लिहून दिलं. कार्ड मी घेऊन येते असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवली. ते स्वतःच आणणार होते. बसवायला मात्र त्यांना कुणीतरी लागणार होतं, त्यांचे हात बारीक स्क्रूंना आता थरथरायचे. "पुढच्या रविवारी वेळ असेल तर या," ते म्हणाले. वेळ असेल तर, असं.

सोमवारी मी मालकांना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, ते चिडतील, निदान दार तरी लावून घेतील. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले की आता हे उकरून काय साधणार, मशीन घेतलं ते चांगलंच झालं, कामं वेळेत जातायत. मग दोन दिवसांनी द्यायच्या कामाबद्दल विचारलं. मी माझ्या खोलीत येऊन ते काम पूर्ण केलं. शिक्षा मागायला गेले होते आणि शाबासकी घेऊन परत आले.

पुढच्या रविवारी कार्डाचं खोकं टेबलावर न उघडता ठेवलेलं होतं. मी जमिनीवर बसून मशीन उघडलं. काका शेजारी वाकून विजेरी धरून उभे होते. आत वर्षानुवर्षांची धूळ, गालिच्यासारखी. मी ती रंगाच्या ब्रशने झाडली, जुनं कार्ड काढलं, नवं खाचेत दाबलं, रॅमच्या दोन पट्ट्या बसवल्या. जिथे माझा हात जाईल तिथे उजेड आधीच पोचलेला असायचा. एकदाही मला 'इकडे धरा' म्हणावं लागलं नाही. आम्ही पूर्वी असंच काम करायचो, म्हणूनच मला मान वर करता येईना.

मशीन सुरू झालं. नवं सॉफ्टवेअर चढवलं, हलक्या प्रती कशा बनवायच्या ते दाखवलं. बदललेल्या बटणांच्या जागा त्यांनी वहीत लिहून घेतल्या आणि प्रत्येक ओळीनंतर "बरं" म्हणाले. मग मेट्रनबाई पडद्यावर आल्या, पांढरे आखूड केस, मांडीवर हात. त्यांनी पहिल्या रात्रपाळीची आठवण सांगितली. चित्र कुठेही अडलं नाही.

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले. मी मागे उभी होते. पूर्वी अशा वेळी ते न बघताच शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलायचे. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवली. "दमला असाल तुम्ही. घरी मुलगी वाट बघत असेल." काकू जेवून जा म्हणत होत्या. त्यांना घाई आहे, असं काकांनी माझ्या वतीने सांगून टाकलं.

त्यानंतर दोन महिन्यांत त्यांचे चार फोन आले. चारही कामाचे. आवाजाची पातळी कुठे बघायची, मूळ चित्रण शेवटी कसं जोडायचं. मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "आभारी आहे."

माहितीपट एका दुपारी संस्थेच्या सभागृहात दाखवला. काकूंनी फोन करून वेळ सांगितली होती, म्हणून मी गेले आणि मागे दाराजवळ उभी राहिले. गणवेशातल्या मुलींनी सभागृह भरलं होतं. मध्ये एके ठिकाणी मेट्रनबाई एका रुग्णाबद्दल बोलता बोलता थांबतात. मला वाटलं, आता कापतील. काकांनी कापलं नव्हतं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात, आणि सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही. बावीस तासांतून ती जागा शोधायला किती दिवस गेले असतील, हे तिथे फक्त आम्हा दोघांनाच कळत होतं. जुन्या मशीनवर, डाव्या खोलीत बसून, अशा जागा त्यांनी आणखी कितीतरी शोधल्या असत्या.

दिवे लागले. टाळ्या संपेनात. पहिल्या रांगेतून मेट्रनबाईंनी मागे वळून काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या काहीतरी बोलत राहिल्या. काका मान लववून ऐकत होते. मी निघायला वळले तेवढ्यात काकूंनी मला बघितलं आणि हात उंच करून बोलावलं. टाळता येण्यासारखं नव्हतं. मी मुलींमधून वाट काढत पुढे गेले.

काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती. काकांनी ती उचलली. मग खिशातून रुमाल काढला, खुर्चीची बैठक पुसली, पाठ पुसली, पाहुण्यासाठी पुसतात तशी, आणि रुमालाची घडी घालत बाजूला सरकून उभे राहिले.

"बसा," ते म्हणाले.